उष्टं तेल

आमचे जावई पडद्याबाहेर येऊन तीनदा खोकतात. बायकांच्या जागेत पुरुषानं खोकून यावं हे बरोबरच आहे, पण एकदा खोकलं की भागतं. जावई पहिला खोकला काढतात तो आपण आलोय हे कळावं म्हणून. दुसरा, आपण किती सभ्य आहोत हे कळावं म्हणून. तिसरा बहुतेक अल्लाला ऐकू जावा म्हणून. त्याला न खोकताही सगळं कळतं, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

खोकून झालं की भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. आत कुणी नसलं तरी. एकदा मी एकटीच टॉवेलांच्या घड्या घालत बसले होते. म्हटलं, "जावईबापू, भिंतीला काय विचारताय? मी इकडे आहे." तर म्हणाले, "नजर खाली ठेवलेली बरी, अम्मी." नजर खाली ठेवणाऱ्या माणसाचं मला कौतुक होतं. होतं म्हणजे तेव्हा होतं.

न्हाणीघर माझं आहे. चौथीत शाळा सुटली आणि दहाव्या वर्षी आईबरोबर लोकांच्या घरी मालिशला जायला लागले. बाळंतिणी, म्हाताऱ्या, हात मोडून बसलेल्या, नवऱ्यानं मोडून बसवलेल्या, सगळ्यांच्या अंगाला हे हात लागलेत. नवरा गेल्यावर ही जागा घेतली. तीन खोल्या. पहिलीत कपडे बदलायचे, दुसरीत गरम ओटा आणि वाफ, तिसरीत मालिश. खिडक्या पार छताजवळ, उजेड आत येईल पण कुणाचे डोळे येणार नाहीत अशा. माझ्याकडे येणाऱ्या बाया घरातही डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत. इथे येऊन त्या केस मोकळे सोडतात, पाय पसरून बसतात, पोट सुटलंय म्हणून हसतात. कशाच्या भरवशावर? तर आतलं काही बाहेर जाणार नाही, या माझ्या शब्दाच्या.

तेलाची माझी एक रीत होती. एका बाईला एक मातीची वाटी. तेल तिच्या डोळ्यांसमोर ओतायचं, बिस्मिल्ला म्हणायचं आणि मगच अंगाला हात लावायचा. वाटीत उरलं तर तिच्याच बाटलीत भरून तिच्याच हातात द्यायचं. एकीच्या अंगाचं दुसरीला नाही. हे मला कुणी शिकवलेलं नाही. दुसऱ्याच्या ताटातलं आपण खात नाही, तसंच हे.

जावई आले आणि न्हाणीघराचं "स्पा" झालं. कसलासा सहा महिन्यांचा वर्ग करून आले होते. दारावर हिरवी पाटी लागली: हलाल, हरित, निर्मळ. खोटं कशाला बोलू, त्यांनी कामं चांगली केली. छपरावर नळ्या बसवल्या, उन्हानं पाणी तापायला लागलं. भट्टीत लाकडाऐवजी सुताराकडचा भुसा जळायला लागला. अंघोळीचं पाणी गटारात जायचं, ते मागच्या लिंबाच्या झाडांना जायला लागलं. प्लास्टिकच्या चपला गेल्या, लाकडी खडावा आल्या. माझी एक म्हातारी गिऱ्हाईक त्यांवरून घसरता घसरता वाचली, ते सोडा. जावई म्हणायचे, "अम्मी, नदीकाठी बसून नमाजाआधीचं वुजू केलं, हातपाय धुतले, तरी पाणी जपून वापरावं, अशी शिकवण आहे. उधळपट्टी म्हणजे गुनाह." ऐकून बरं वाटायचं. मी शेजारपाजारी सांगत फिरले, आमचे जावई असे आणि आमचे जावई तसे.

मग सात महिन्यांपूर्वी नवे पलंग आले. लाकडी, कडेनं पन्हळ कोरलेले. अंगावरून ओघळलेलं तेल पन्हळीतून नळीत आणि नळीतून भिंतीपलीकडच्या डब्यात. मी विचारलं, "त्या तेलाचं काय करणार?" म्हणाले, "फरशी पुसायचा साबण." म्हटलं, वा! माझ्या मातीच्या वाट्याही त्यांनी माळ्यावर टाकल्या, फुटतात म्हणून. त्याजागी सीलबंद बाटल्या आल्या, वर छापलेलं "शुद्ध, पहिल्या घाण्याचं". मला वाचायला वेळ लागतो, पण वाचलं. आणि मान डोलावली. ही चूक माझी. ती मी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालणार नाही.

या गुरुवारी तपासणीच्या बाई येणार होत्या. त्यांच्या संस्थेचा एक कागद असतो. ही जागा दीनाला, म्हणजे धर्माला, धरून चालते आणि पाणी, हवा, माती नासवत नाही, असं त्यावर लिहिलेलं. तो मिळाला की लांबलांबच्या बाया येतील, अशी जावयांना आशा. पण कागदावर जावयांची सही चालत नव्हती. आत पुरुष जात नाही, म्हणजे आतलं मालकिणीनंच अल्लाला साक्ष ठेवून सांगायचं. जावई आठ दिवस माझ्याकडून उत्तरं पाठ करून घेत होते. "पाणी?" "झाडांना." "भट्टी?" "भुशाची." "तेल?" "शुद्ध, दर बाईला नवं." शाळेत एवढी घोकंपट्टी केली असती तर मी आज मास्तरीण असते.

मास्तरणीवरून आठवलं. आमच्याकडे दर शनिवारी एक निवृत्त मास्तरीणबाई येतात. गुडघे गेलेले. नवरा औषधाच्या दुकानात कामाला होता, त्यानं हयातभर एक मलम घरी बनवलं आणि मरताना कृती बायकोला सांगून गेला. कापूर, लवंग आणि आणखी काहीतरी, ते त्या सांगत नाहीत. वास असा की जणू ओल्या तंबाखूत कुणी दात काढून ठेवलेत. जगात दुसरीकडे कुठे तो वास नाही, आणि ही देवाची दया आहे. मास्तरीणबाई मलम लावूनच येतात आणि वरून मालिश करून घेतात. त्या गेल्या की खोली तासभर उघडी ठेवावी लागते.

बुधवारी एक ओली बाळंतीण आली. चाळीस दिवस भरले होते, पाक, म्हणजे शुद्ध, होण्याची अंघोळ करायची होती. बरोबर सासू नाही, आई नाही, नुसतं बाळ. म्हणाली, "खाला, घरी कुणी नाही माझं. तुम्हीच काय ते करा. आणि याला पण जरा तेल लावाल? मला भीती वाटते, हातातून निसटेल." म्हटलं, "निसटायला तो काय मासा आहे? आण इकडे." पायांवर घेतलं. मुठी आवळलेल्या, पोट तट्ट, कपाळावर म्हाताऱ्यासारख्या आठ्या. माझ्याबरोबर मालिश करणाऱ्या लेकीनं नवी बाटली आणून दिली. सील मी माझ्या हातानं तोडलं, तळव्यावर तेल घेतलं, चोळून कोमट केलं, बिस्मिल्ला म्हटलं आणि हात बाळाच्या छातीकडे नेला.

गुलाबाचा वास आला. आणि गुलाबाच्या खालून मास्तरीणबाई आल्या.

हात हवेतच थांबला. पुन्हा हुंगलं. शंकाच नको. बुधवार होता, मास्तरीणबाई शनिवारी येऊन गेल्या होत्या, आणि मी आत्ता सील तोडलेल्या बाटलीत त्यांचे गुडघे होते.

बाळंतीण म्हणाली, "काय झालं, खाला?"

"काही नाही, पोरी. हे तेल बाळाच्या लायकीचं नाही." लेकीला सांगितलं, "घरात जा. चुलीजवळची बरणी आण, भाजीच्या तेलाची." लेक बघतच राहिली. "बघतेस काय? पळ!" साबण घेतला आणि कोपरापर्यंत हात धुतले. तीनदा. मग भाजीचं तेल लावून बाळाला चोळलं, आईला न्हाऊ घातलं, दोघांना बाहेरच्या दारापर्यंत सोडून आले. बाळ बिचारं फोडणीसारखा वास मारत गेलं. पण ते तेल त्याचं एकट्याचं होतं.

तिथून सरळ भट्टीमागच्या खोलीकडे गेले. ती जावयांची. मी तिथे कधी पाऊल ठेवलं नव्हतं, पुरुषाच्या कामात नाक कशाला खुपसा म्हणून. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत काय होतं ते सांगायला जीभ धजत नाही, पण सांगते. भिंतीतून आलेल्या नळीच्या तोंडाशी डबा. शेजारी पातेलं, त्यावर ताणून बांधलेलं मलमलचं फडकं. फडक्यावर साय धरावी तसा करडा थर. ती साय नव्हती. ती कातडी होती, बायाबायांच्या पाठीची, टाचांची, काखेतली, घासून निघालेली. कडेला मंद स्टोव्ह. गुलाबाच्या अर्काची बाटली. सील लावायचं यंत्र. एका तबकात चिमटा. आणि चिमट्याजवळ, भिंतीतल्या खिळ्याला, केसांचा एक बोळा. काळे, पिकलेले, मेंदीनं लाल झालेले, एक कुरळा, एक कमरेपर्यंत येईल एवढा लांब. तेलात भिजलेले, एकमेकांत गुंतलेले. लाल टोकाचा पांढरा केस माझा होता. माझा मी ओळखते.

मागे खोकला आला. एकदा. दोनदा. तिसरा त्यांनी अर्ध्यावरच गिळला.

"अम्मी? तुम्ही इथे?"

"हो. फरशीचा साबण बघायला आले."

जावयांनी आधी भट्टीकडे बघितलं, मग दाराकडे. मग हात जोडल्यासारखे केले आणि सोडून दिले. "तुम्ही समजताय तसं नाही हे. मी उकळतो. तीनदा गाळतो. त्यात काही राहत नाही."

"मास्तरीणबाई राहिल्यात."

"कोण?"

"काही नाही. बोला पुढे."

"अम्मी, घाम नापाक नसतो. मी जाणत्या माणसाला विचारलंय. माणसाचा घाम पाक. मग घाम लागलेलं तेलही पाक. आणि चांगलं तेल फेकणं म्हणजे उधळपट्टी. मी यात हराम काय केलं?"

"जाणत्या माणसाला काय विचारलंत?"

"घाम पाक की नापाक."

"आणि हे सांगितलंत की तेच तेल दुसऱ्या बाईला नवं म्हणून विकतो? वर शुद्ध लिहून?"

"ते... ते विचारायची गरज नव्हती."

"गरज नव्हती की धीर नव्हता?"

मी पातेल्याकडे बोट दाखवलं. "पाक आहे ना? मग घ्या बोटावर आणि लावा दाढीला. चमकेल."

"अम्मी..."

"लावा. आमच्या बाया सात महिने लावतायत. तुमच्या बायकोचे हात रोज यात असतात. तुम्ही दाढीला लावा."

बोट पुढे केलं त्यांनी. खोटं नाही सांगत, केलं. पण फडक्यावरचा थर बघून नाकपुड्या आक्रसल्या आणि बोट मागे आलं. त्या मागे आलेल्या बोटानं माझं सगळं काम केलं. मला आता कुठल्या जाणत्याला विचारायची गरज उरली नाही.

"आणि हे?" मी खिळ्याकडे बघितलं. "हे कोण काढतं?"

"मीच. चिमट्यानं. पण अम्मी, कसम सांगतो, मी बघत नाही. नजर खाली ठेवूनच काढतो."

"नजर खालीच राहणार! केस खालीच आहेत ना, फडक्यावर!"

हसायला हवं होतं खरं तर. हसू आलं नाही, अंगावर काटा आला. ज्या बायांचा एक केस दिसू नये म्हणून हा माणूस पडद्याबाहेर भिंतीकडे तोंड करतो, त्याच बायांचे केस इथे बसून एकेक करून वेचतो. पडदा त्यांनी डोळ्यांसमोर धरला आणि हात पडद्याखालून आत घातला. त्या बायांना कळलं, तर अंघोळ करूनही ते त्यांच्या अंगावरून निघणार नाही. माझ्या अंगावरून निघत नव्हतं.

दारात लेक उभी होती. कधी आली कळलं नाही. पातेलं बघितलं, खिळा बघितला, आपले तळवे नाकाशी नेले. बाहेरच्या नळावर गेली आणि हात घासायला लागली. तिकडून नुसता दगडावर दगड घासल्यासारखा आवाज येत होता.

जावयांचा आवाज एकदम मऊ झाला. "अम्मी, उद्या फक्त हो म्हणा. एक शब्द. परवापासून हे बंद. तुमच्या लेकीचा संसार आहे यावर. कागद मिळाला की आपण खरंच तसं वागू. शपथ घेताना मनात पुढचं धरा, झालं."

म्हटलं, "अल्लाला उधारीवर साक्षीला बोलावू?" आणि निघाले.

त्या दिवशी उरलेल्या बाया परत पाठवल्या. पाणी बिघडलंय म्हटलं. तेही खोटंच, म्हणून नंतर मनात टोचत राहिलं. जेवण गेलं नाही. भाजीवरचा तवंग बघितला तरी फडकं आठवायचं.

गुरुवारी सकाळी मालिशच्या खोलीत गेले तर तिन्ही पलंगांच्या पन्हळींत कापडाचे बोळे ठासून बसवलेले. वरून मेण ओतलेलं. फळीवर मातीच्या वाट्या, माळ्यावरून काढून, घासून, पालथ्या घातलेल्या. लेकीचे हात लालभडक. मास्तरीणबाईंना मात्र मी मुद्दाम निरोप पाठवून बोलावून घेतलं होतं. त्या पहिल्या खोलीत बाकावर बसल्या होत्या, वासासकट.

तपासणीच्या बाई आल्या. तरुण, नीटनेटक्या, हातात फाइल. छपरावरच्या नळ्या बघितल्या, लिंबाची झाडं बघितली. खूश झाल्या. पडद्याबाहेर जावई उभे होते. तीनदा खोकून झालं होतं.

"आता तुम्ही सांगायचं, अम्मा," बाई म्हणाल्या. "अल्लाला साक्ष ठेवून. पाणी?"

"झाडांना जातं. खरं आहे."

"भट्टी?"

"भुशाची. तेही खरं."

"तेल?"

पडद्याबाहेर एक खोकला आला. मी म्हटलं, "सात महिने आम्ही एकीच्या अंगावरचं तेल दुसरीला लावत होतो. गाळून, उकळून, गुलाब घालून, नवं म्हणून विकत होतो. मला काल कळलं. पण जागा माझी, म्हणून पाप माझंही."

बाईंचं पेन थांबलं. हळूच म्हणाल्या, "तुम्हाला कळतंय ना, हे सांगितल्यावर मी कागद देऊ शकत नाही?"

"देऊ नका. मला खोटा कागद वाचायलाही वेळच लागतो."

मग मास्तरीणबाईंकडे वळले. हे खरं अवघड होतं. "बाई, तुमच्यापासून लपवणार नाही. तुमच्या गुडघ्यांचं मलमही त्यात होतं. आणि तुमच्या अंगावर दुसऱ्यांचं काय काय होतं, ते मला सांगता येत नाही. तुमचे केसही पुरुषाच्या हाताला लागले. माफ करा म्हणायला तोंड नाही."

मास्तरीणबाईंनी आपल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "यांचं मलम. चाळीस वर्षं मी कुणाला बोटभर दिलं नाही. शेजारणीनं मागितलं तरी नाही." ओठ घट्ट मिटले, चेहरा आंबट झाला. टॉवेल उचलला, बाहीखाली मनगट चोळत उठल्या. "इतर बायांना सांगणार?"

"एकेकीच्या घरी जाऊन."

"त्या परत येणार नाहीत."

"माहीत आहे."

"मीही येईन का, सांगता येत नाही." दारापर्यंत गेल्या, वळल्या. "आलेच तर वाटी माझ्यासमोर भरा." आणि गेल्या. तपासणीच्या बाईही सलाम करून निघाल्या. जाताना फाइल छातीशी धरली होती, जणू भिंतींना लागू नये.

लेक माझ्याशेजारी उभी राहिली. मी पडदा स्वतःच्या हातानं बाजूला केला. जावई भिंतीकडे तोंड करून उभे होते. मानेवर घामाचे थेंब होते. पाक होते म्हणे.

"इकडे बघा, जावईबापू," मी म्हटलं. "मला बघितलंत तर गुनाह नाही, मी सासू आहे तुमची."

वळले. डोळे खालीच.

"एवढं कशाला केलंत, अम्मी? मी नापाक काहीच वापरलं नव्हतं."

आवाज चढवला नाही मी. लेकीला ऐकू जावं, एवढ्याच बेतानं म्हटलं:

"नापाक असतं तर बरं होतं. नापाक पाण्यानं धुता येतं. तुम्ही घाणेरडे आहात, जावईबापू, आणि घाण करताना दीनाचं फडकं वापरता. आजपासून या दाराच्या आत तुमचा हात नाही, तुमची नळी नाही आणि तुमचा खोकलाही नाही. लेकीनं तुमच्याबरोबर राहायचं की नाही, ते ती ठरवेल, तिला तोंड आहे. तुम्ही घरी आलात तर पाहुणे म्हणून जेवायला वाढीन. आणि घाबरू नका, ताट स्वच्छ असेल. मी कुणाला उष्टं वाढत नाही."